खळ लावलेले डोंगे

बाबा, सरांनी काढलेलं चित्र शाळेतून घरी परत आलं. आज सकाळी मी ते समोरच्या खोलीत, पूर्वीच्याच खिळ्यावर टांगलं आणि दुकान उघडायची वेळ टळून गेली तरी खाली बसून त्याच्याकडे बघत राहिले. तुमच्या जावयांनी जाता जाता विचारलं, आज गिऱ्हाइकांना सुट्टी आहे का. मी म्हटलं, आहे असं समजा. त्यांनी मान हलवली आणि किल्ल्या उचलून निघून गेले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी मनातल्या मनात भांडायचीही सवय मोडली आहे. पण आज जे सांगायचं आहे ते तुमच्याखेरीज दुसऱ्या कुणाच्या कामाचं नाही. आई असती तर तिला सांगितलं असतं, ती हसली असती आणि तुम्हाला चिडवायला धावली असती. ती नाही, सरही नाहीत, म्हणून कागद घेऊन बसले आहे.

काचेत बसवल्यावर तुम्ही या चित्राकडे कधी धड पाहिलंच नाहीत. त्याच्याकडे पाठ करून जेवायला बसायचात, आम्हाला सगळ्यांना ते ठाऊक होतं. म्हणून आधी ते कसं आहे ते सांगते. वैनगंगेचं पाणी आहे, पण पाणी म्हणून रंग फार थोडा लावलेला आहे, पुष्कळसा कोरा कागदच पाण्यासारखा दिसतो. अलीकडच्या काठाला एक डोंगा आहे, लहानशी लाकडी होडी, बांबूला बांधलेली. त्याचा रंग भिजलेल्या लाकडाचा, काळपट तपकिरी, आणि त्या डोंग्यापेक्षा त्याची पाण्यातली सावली लांब आहे. त्याच्या मागे दुसरा डोंगा, तो अर्धा आहे आणि अर्धा नाही. त्याचं टोक दिसतं, कड कुठं संपते ते बोट ठेवून सांगता येत नाही. आणि त्याच्याही मागे, पलीकडच्या काठापाशी, एक करडा डाग आहे. कुणी त्याला डोंगा म्हणतं, कुणी झाड, आमच्या शेजारची लहान मुलगी त्याला म्हैस म्हणते. सगळ्यावर धुकं आहे. पौषातल्या सकाळी घाटाच्या पायऱ्या उतरताना तोंडावर येतं तसं, जरा दुधाळ, जरा पिवळट. उन्हाळ्यात दुपारी पत्रा तापला की मी पदरानं घाम पुसत या चित्राखाली बसते आणि मला बरं वाटतं. दिवाळीत खोलीला रंग दिला तेव्हा भिंत नवी झाली, चित्र जुनं दिसेल असं वाटलं होतं, उलट ते जास्तच खोल दिसायला लागलं. मला चित्रांतलं कळतं असं नाही. मी साड्या विकते. पण रोज बघूनही ज्याचा कंटाळा येत नाही अशा या घरातल्या दोनच गोष्टी आहेत, एक हे चित्र आणि दुसरं अंगणातलं सीताफळाचं झाड.

सर आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे, आणि थंडीच्या दिवसांत भल्या सकाळी घाटावर पाट मांडीवर घेऊन बसायचे. तेव्हा वरचं धरण झालेलं नव्हतं, नदी तिच्या मनानं चढायची आणि उतरायची. मासे धरणारे डोंगे घेऊन निघायचे, सर त्यांना हाक मारून म्हणायचे, "जरासाक थांबा ना राजेहो," आणि ते थांबायचेही. घाटावरून परत जाताना सर आपल्या गल्लीतून यायचे. गल्लीत बांबूला बांधून सुताचे लांब ताणे पसरलेले असायचे, तुम्ही सगळे एका ओळीत खळ लावत असायचात, आणि सर बाजूला उभे राहून बघायचे. तुम्ही म्हणायचात, "काहून उभे राहून राहिले सर, च्या घ्या." ते चहा घ्यायचे, पण डोळे सुताच्या रंगांवर. मी नववीत चित्रकलेच्या परीक्षेत पास झाले तेव्हा त्यांनी मला हे चित्र दिलं, वर्तमानपत्रात गुंडाळून, वर रबर लावून. म्हणाले, "घरी दे. तुझ्या बाबाले आवडन." म्हणजे बक्षीस माझं आणि चित्र तुमचं, असा तो सरांचा हिशेब होता. तुम्ही ते उलगडून खूप वेळ हातात धरलं होतं. मला आठवतं ते तुमचं बघणं. तुम्ही आईला हाक मारली आणि म्हणालात, "पाय वो, आपला घाट."

पण कागद गुंडाळलेला होता, तो सोडला की परत वळायचा. चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवून पाहिल्या, वाट्या काढल्या की पुन्हा वळला. भिंतीला ओल, म्हणून तो थोडा लाटेसारखा झाला. दुसऱ्या कुणी काय केलं असतं? भंडाऱ्याला नेऊन काचेत बसवला असता आणि विसरून गेला असता. तुम्ही विणकर होतात. तुमच्या हाताला एकच ठाऊक होतं, की कच्ची वस्तू नाजूक असते आणि तिला खळ पाजली की ती टिकते. सूत तसंच मागावर चढवलं तर हजार जागी तुटतं, तांदळाची खळ लावून कुंच्यानं विंचरलं की तारेसारखं सरळ होतं. आयुष्यभर तुम्ही हेच केलं होतं, तुमच्या बाबांनी हेच केलं होतं. तेव्हा सरांच्या कागदालाही तुम्ही तीच माया लावलीत. ताण्याला लावतात तशी खळ केली, कागद नाजूक म्हणून थोडी पातळ केली, गाळून घेतली, आणि दोन्ही टोकांना कामट्या बांधून तो कागद अंगणात ताणून धरला. मग कुंचा बुडवला आणि डावीकडून उजवीकडे एकच हात फिरवला, जसा ताण्यावर फिरवतात तसा, परत न आणता.

मी शाळेतून आले तेव्हा माग बंद होता. भर दुपारी आपल्या घरातून मागाचा आवाज येत नाही हे मला गल्लीच्या तोंडाशीच कळलं, वाटलं आईला काही झालं. आत आले तर तुम्ही अंगणात उकिडवे बसलेले, हातात कुंचा तसाच, आणि समोर कामट्यांवर कागद. आई दारात तोंडाला पदर लावून उभी. तुम्ही माझ्याकडे वर पाहिलं नाही. म्हणालात, "पोरी, रंग सुटला ना वो." मग तुम्ही जे म्हणालात ते मी आजवर कितीदा तरी मनाशी म्हटलं आहे, आणि दर वेळी मला तुमची फार माया आली आहे. तुम्ही म्हणालात, "सरचा रंग पक्का असन वाटलं मले." कच्च्या रंगाचं सूत विकणाऱ्याला तुम्ही गल्लीत पाय ठेवू द्यायचा नाहीत. सर तर किती मोठे, शिकलेले, सरळ माणूस. अशा माणसाचा रंग पाण्यानं सुटेल हे तुमच्या डोक्यात येणारच कसं? मी रडले. मी रडले म्हणून तुम्ही कुंचा खाली ठेवला आणि उठून मागच्या दारानं निघून गेलात.

आईनं ती गोष्ट हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. रात्री जेवताना ती म्हणाली, "लई नदी पायली जनमात, पण सरचे डोंगे डुबवणारा माणूस आमच्याच घरी निंगाला." एरवी तुम्ही तिला तोडीस तोड द्यायचात. त्या दिवशी तुम्ही ताट अर्धं ठेवून उठलात, आणि मग आईनंही पुढं कधी तो विषय काढला नाही. तुम्ही घाटाकडे जायचं सोडलंत. आंघोळीला सगळी गल्ली घाटावर आणि तुम्ही अंगणात बादली घेऊन. बाजाराला जाताना सरांच्या घरावरून सरळ रस्ता, तर तुम्ही तलावाच्या बाजूनं फिरून. एकदा मी तुमच्याबरोबर होते आणि समोरून सर सायकलवर येताना दिसले, तर तुम्ही मला घेऊन एका भांड्यांच्या दुकानात शिरलात आणि नको असलेल्या पितळी गडव्याचा भाव विचारत राहिलात. सर गेले तसे आपण बाहेर आलो. तुमच्या कपाळावर थंडीत घाम होता. मला तेव्हा तुमचा राग यायचा, इतका मोठा माणूस असा लपतो कशाला. आज मला त्या दुकानातला तुमचा हात आठवतो, माझं मनगट धरलेला, आणि वाटतं की त्या हाताला जरा दाबून तरी धरायला हवं होतं.

शेवटी सरच आले. रविवार होता, तुम्ही मागावर होतात, पाय मागाखालच्या खड्ड्यात. मी शाळेत काही बोलले नव्हते, आईनं सांगितलं असणार, ती अशी कामं गुपचूप करायची. सर दारातून वाकून आत आले आणि म्हणाले, "भाऊ, माझं चित्र कोठी हाये?" तुम्हाला उठता येईना. मागाचा खड्डा तेव्हा तुमच्या फार कामी आला. बसल्या बसल्या तुम्ही फक्त कोपऱ्याकडे मान केली, तिथं ते चित्र कोनाड्यात उभं करून ठेवलेलं होतं, तोंड भिंतीकडे. सरांनी ते उचललं, अंगणात उजेडात नेलं, सीताफळाच्या रोपाजवळ धरलं, लांब धरलं, जवळ आणलं. बराच वेळ. आत तुम्ही मागाचा धोटा हातात घेऊन बसलेले, तो ना पुढे जाई ना मागे. मग ते आत आले आणि त्यांनी विचारायला सुरुवात केली.

"खळ कायची होती?"

"तांदळाची."

"पातळ का घट्ट?"

"ताण्याले लावतो तीच सर. जराशी पातळ केली. कागद नाजूक वाटला मले."

"गरम लावली का थंडी?"

"कोमट होती."

"कुंचा कोण्या अंगानं फिरवला?"

"इकडून तिकडं. परत आणत नाई आमी, तार तुटते."

"अन् वाळू दिला कोठी? उन्हात का सावलीत?"

"सावलीत," तुम्ही म्हणालात, आणि मग तुमचा आवाज फुटला. "चूक झाली सर. मले तुमी काहीबी म्हणा, पण आता आणखी काही पुसू नका."

सरांनी तुमच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अरे भाऊ, याले काचीत बसवा. चांगलं दिसून राहिलं हे." चहा घेतला आणि गेले. ते गेल्यावर तुम्ही आईला म्हणालात, "मोठा माणूस हाये. मले वाईट वाटू नये म्हणून बोलला." आई म्हणाली, "तसं नसन." तुम्ही म्हणालात, "तसंच हाये." त्याच वर्षी सरांची बदली साकोलीला झाली. निरोपाला तुम्ही गेला नाहीत, माझ्या हातून एक धोतरजोडी पाठवलीत, स्वतः विणलेली, लाल काठाची, आणि मला बजावलंत की कुणी विणली ते सांगू नको. जसं काही सरांना कळणार नव्हतं.

चित्र भंडाऱ्याला नेऊन काचेत बसवलंत ते सरांनी सांगितलं म्हणून. समोरच्या खोलीत लावलंत तेही त्यांचा शब्द म्हणून. पण मग आलागेला कुणी ते बघून "वा" म्हणाला की तुम्ही लगेच, अगदी पाणी द्यायच्या आधी सांगायचात, "ते बिघडलं हाये. मी बिघडवलं. आधी पायले पायजे होतं तुमी." आणि मग आधी काय काय होतं ते तुम्ही सांगायचात. तिसरा डोंगा साफ होता, त्यात एक माणूस उभा होता, त्याच्या हातात डोंगा रेटायचा वासा होता, पलीकडच्या काठावर देवळाचं शिखर होतं. माझ्या लग्नाच्या बोलणीला आलेल्या मंडळींनाही तुम्ही हे सांगितलंत. सासूबाई नंतर मला म्हणाल्या होत्या की ज्या घरचा बाप आपली खोट पाहुण्याला आधी सांगतो त्या घरात मुलगी बघायला फार वेळ लावायचं कारण नाही. तुम्हाला हे कधी सांगायचं राहून गेलं. तुम्ही शेवटी अंथरुणाला खिळला होतात तेव्हा खाट त्याच खोलीत होती, आणि आम्ही विचारलं होतं, चित्र दुसरीकडे लावू का. तुम्ही म्हणालात, "राहू दे. त्यायचं काही चुकलं नाई." त्यायचं म्हणजे डोंग्यांचं.

आता या हिवाळ्याची गोष्ट. सरांची मुलगी दुकानात आली. मी तिला ओळखलं नाही, साकोलीहून आलेली कुणी गिऱ्हाईक समजून मी तिच्यासमोर पाच-सात साड्या उलगडल्याही. ती म्हणाली, "ताई, मले साडी नाई पायजे, चित्र पायजे." सर इथं पवनीला असताना ती रांगत होती. आता तिचेही केस पिकायला लागले आहेत. सरांनी ज्यांना ज्यांना चित्रं दिली त्या सगळ्यांकडून ती गोळा करून शाळेच्या हॉलमध्ये मांडायची असं जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलं होतं. मोहाडीचं कुणी देणार होतं, भंडाऱ्याचं कुणी. मी दिलं, पण खरं सांगते, बाबा, भिंतीवरचा तो मोकळा चौकोन बघून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तुमच्या लेकीचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. उधार देईन, पण वस्तू हातची सोडताना माझा जीव खालीवर होतो.

हॉलमध्ये पुष्कळ चित्रं होती. देवळं, बैलबाजार, नागझिऱ्याचं जंगल, धानाची रोवणी, बायकांच्या पाठी. सगळी चांगली, नीट, झाडाचं प्रत्येक पान वेगळं काढलेलं. आणि लोक चालत चालत यायचे, या आपल्या चित्रापाशी आले की थांबायचे. मी मुद्दाम बाजूच्या खुर्चीवर बसून बघत होते, दुकानात बसते तशी. मासे धरणारा एक म्हातारा नातवाला घेऊन आला होता, तो काचेला नाक लावून म्हणाला, "असंच दिसते बावा. डोंगा दिसत नाई, वल्ह्याचा आवाज येते पयले." शाळेतले आताचे चित्रकलेचे तरुण सर पोरांना समजावून सांगत होते. ते म्हणाले, बघा, कडा कशा विरघळवल्या आहेत, कुठं थांबायचं ते या माणसाला कळत होतं. आणि मग बोट काचेवरून फिरवत म्हणाले, बघा, धुकं एकाच दिशेनं वाहतं आहे, डावीकडून उजवीकडे, म्हणजे वारा कुठून आहे तेसुद्धा त्यांनी दाखवलंय. मला आधी हसू आलं, ते पदरात दाबलं, आणि लगेच डोळे भरून आले. कारण ते चुकीचं काय बोलत होते? धुकं वाहतच होतं. तुमचा हात डावीकडून उजवीकडे गेला होता आणि परत आला नव्हता.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर सरांची मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "ताई, बाकीचे सारे आपापले घेऊन जातीन. पण हे एक इथंच शाळेत राहू द्या ना. बाबाचं सगळ्यात चांगलं हेच हाये, सगळेच म्हणून राहिले." तिच्या बोलण्यात लोभ नव्हता. बापाचं एक चित्र त्याच्या शाळेत राहावं एवढंच तिचं म्हणणं, आणि ते अगदी रास्त. मी हो म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी तिला सगळं सांगितलं. खळ, कुंचा, कामट्या, रडणं, तुमचं तलावाच्या बाजूनं फिरून जाणं. सांगताना मी स्वतःला समजावत होते की बाबांचं नाव कुठंतरी निघायला हवं, एवढे लोक वाहवा करून गेले आणि त्यातला अर्धा वाटा आमच्या माणसाचा. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? दुकानदाराला माल द्यायचा नसला की तो त्यातली खोट दाखवतो. मला वाटलं, हे बिघडलेलं आहे असं कळलं की ती मागणार नाही.

ती ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर मला नाराजी दिसेल म्हणून मी तयार होते. पण ती उठून चित्रापाशी गेली, परत आली, आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "आता समजलं मले. आमच्या घरी पेजेवरून रोज कटकट होये, ताई." साकोलीला गेल्यावर सर रविवारी कागद पाटावर पसरायचे आणि आईला म्हणायचे, पेज दे. त्यांची बायको विचारायची, "प्यायले का फासायले?" ती पेज ते कागदाला लावायचे, कधी पातळ, कधी घट्ट, कधी कोमट, कधी गार. रंग एकतर सगळाच वाहून जायचा नाहीतर चिखल व्हायचा. मग ते चिडून बाहेर निघून जायचे. ती म्हणाली, "आमाले वाटे, याईले येड लागलं. चांगलं चित्र काढतेत अन् सोताच खराब करतेत. आई पुसे, काहून करता असं? तर म्हणे, पवनीले एका माणसानं करून दाखवलं, माह्या हातानं होऊन नाई राहिलं." ते खराब झालेले कागद अजून तिच्याकडे ट्रंकेत आहेत. प्रदर्शनात आणले नाहीत, कारण खराब झालेले.

बाबा, तुम्हाला कळतंय ना मी काय सांगते आहे? त्या रविवारी सर तुमची उलटतपासणी घेत नव्हते. ते शिकत होते. पातळ का घट्ट, गरम का थंडी, कुंचा कोण्या अंगानं, हे त्यांना खरोखर हवं होतं, आणि तुमचा आवाज फुटला म्हणून त्यांनी पुढचं विचारलं नाही. तुम्ही अजून थोडं बोलू शकला असतात तर कदाचित ते कुंचा मागून घेऊन अंगणातच बसले असते. दोघंही भली माणसं. एकाला वाटलं आपण समोरच्याचं नुकसान केलं, दुसऱ्याला वाटलं आपण समोरच्याला दुखावलं, आणि दोघंही इतके जपून वागलात की पुन्हा भेटलाच नाहीत. मला हॉलमध्ये इतकं रडू आलं की त्या मुलीनं आपल्या पिशवीतून रुमाल काढून दिला. ती म्हणाली, "आता मी हे चित्र कोण्या तोंडानं मागू? तुमच्याच घरी राहू द्या." म्हणजे मला हवं होतं ते मिळालं. लाज वाटली, पण मी नको म्हटलं नाही.

मग तिनं एक विचारलं. ती म्हणाली, "माह्या बाबाचं सगळं मी पायलं हाये, फक्त हे आधी कसं होतं तेवढंच नाई पायलं. तुमी तं पायलं ना ताई? सांगा ना." मी सांगितलं. तिसरा डोंगा साफ होता, त्यात माणूस उभा होता, हातात वासा, पलीकडे देवळाचं शिखर. ती डोळे मिटून ऐकत होती. तिचं समाधान झालं, मी घरी आले.

आणि तेव्हापासून माझं मन ठिकाणावर नाही. कारण ते सगळे शब्द तुमचे होते. पाहुण्यांना सांगायचात तेच मी तिला सांगितलं. माझं स्वतःचं, माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं, त्यात एक अक्षर नव्हतं. आज सकाळपासून मी या चित्रासमोर बसून आधीचं आठवायचा प्रयत्न करते आहे आणि काही म्हणता काही आठवत नाही. तो माणूस, तो वासा, ते शिखर, मला कधीच दिसले नव्हते. सरांनी दिलेलं ते चित्र मी नीट पाहिलंच नव्हतं, पास झाल्याच्या आनंदात होते. त्या दुपारी अंगणात आले तेव्हा मला ते नेहमीसारखंच वाटलं होतं, थोडं ओलं. तुम्ही म्हणालात रंग सुटला, आणि तुमचं तोंड बघून मी रडले. तुम्ही आयुष्यभर समजत राहिलात की पोर चित्रासाठी रडली.

हे पत्र पाठवायचं कुठं, तो प्रश्नच नाही. तरी लिहून ठेवते, कारण आधीचं चित्र पाहिलेलं आता या जगात माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, आणि बाबा, मला तर त्या दुपारी त्यात काही बिघडलेलं दिसलंच नव्हतं.